चांदीच्या काट्यावर

राजारामपुरीत, पाचव्या गल्लीत,
औषधांच्या दुकानावरचा जिना चढून
जिनमती मगदूम येतात, हुपरीच्या एसटीतून,
आणि टेबलावर आधी रिपोर्ट ठेवत नाहीत,
डबा ठेवतात.
"बघा, ह्येच खातोय मी."

रात्रीच मी एक शोधनिबंध वाचून संपवला होता,
आतड्यातल्या जिवाणूंवरचा. एकशे अठरा माणसं,
सगळी समुद्रापलीकडची, चाळिशीच्या आतली.
पिवळ्या शाईने खुणा करून ठेवल्या होत्या:
कांदा. लसूण. कालचा गार भात. आंबवलेलं काहीही.

"कांदा?" मी विचारते.
"कंदमूळ न्हाई आमच्यात."
पिवळ्यावर निळी रेघ.
"रात्रीची भाकरी सकाळी?"
"कालचं आज चालत न्हाई."
"पालेभाजी तरी?"
"चातुर्मास हाय की वो."
"मग मटकीला मोड आणून..."
"मोड आला म्हंजे जीव आला, बाई."

दहा मिनिटांत माझ्या हातात उरतो
निबंधाचा समास.
खाली डंकावर कुणाची तरी उशिरा राहिलेली चटणी कुटतायत,
आम्ही दोघी एकदमच शिंकतो.

मग मी विचारते जे छापलेलं नव्हतं.
बसता किती तास?
"नऊ. कधी दहा. पैंजणाच्या कड्या जोडतो,
केसाएवढ्या. हात हलला की डाग सांडतोय."
पाणी किती पिता?
त्या पदर सारखा करतात.
संडास मागच्या अंगाला, दिराच्या दारातनं जायचं,
आणि वाटणी झाल्यापासून बोलणं नाही.
"म्हणून पाणीच कमी पितो. चार वर्सं झाली."

चार वर्षं. तेवढ्यात
तीन गावच्या डॉक्टरांची चूर्णं, दोन स्कोप,
आणि माझ्या आधीच्या कुणाचा तरी छापील तक्ता,
ज्यात ब्रोकोली आहे.

मी कागद उलटा करून निबंधाच्याच पाठीवर
आतड्याचं चित्र काढते.
इथे कोट्यवधी जीव राहतात, डोळ्यांना न दिसणारे,
आपल्याला जे पचत नाही तेच त्यांचं जेवण,
साल, कोंडा, चोथा.
बोलून गेल्यावर जीभ चावते.
जीव म्हणायला नको होतं.

जिनमतीबाई चित्राकडे बघत राहतात,
चांदी बघतात तशा, डोळा बारीक करून.
"कोट्यवधी?"
हो.
"आनि मी त्यास्नी चार वर्सं उपाशी ठिवलंय?"

कुठल्याच परिषदेत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हणते, अगदी उपाशी नाही. अर्धपोटी.
"पापच की वो त्ये बी."

नवा कागद घेतला.
हुलगे, मोड न आणता, त्याच दिवशी शिजवून.
हिरव्या केळ्याची भाजी. जोंधळ्याचं पीठ, न चाळता.
जवसाची चटणी, लसणाशिवाय. दुधी सालासकट.
शेवटी मी लिहिलं: पाणी, दिवस बुडायच्या आत.
पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं,
"लिवा, जावंशी बोलायचं."

तीन आठवड्यांनी आल्या. रोजनिशी मागितली.
बाकीचे सांगतात, वाटीभर, मूठभर, आपलं असंच.
यांनी पिशवीतून काढल्या पैंजणांच्या वजनाच्या पावत्या,
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने:
हुलगं बेचाळीस ग्राम, तीनशे साठ मिली.
जवस नऊ ग्राम, एकशे दहा मिली.
मंगळवारी बरं. बुधवारी गॅस.
गुरुवारी दोनदा मागं जाऊन आलो.

पाणी?
"त्ये न्हाई मोजलं. काट्यावर ओलं घालत न्हाईत."
मग हसू दाबत,
"जावंनं तांब्या भरून ठिवला हुता. दारातच."

गॅस अजून आहे.
त्यांच्यातले कोण वाढले, कोण उरले,
ते मोजणारा काटा माझ्याकडे नाही.
पुढची तारीख दिली,
चातुर्मास संपल्यानंतरची.